‘कळवतो’ म्हणाले आणि कळवलंच नाही

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच दुखण्याची निघाली : नोकरीसाठी गेलं की येणारा नकार. एक पलूस तालुक्यातल्या मुलाचं, एक नाशिकच्या बाईंचं, एक सोलापूरच्या निवृत्त एस.टी. कंडक्टरांचं. म्हणून पेन्शनची कागदपत्रं आणि सासू-सुनांचे दोन प्रश्न पुढच्या अंकात घेते. ज्यांनी ते पाठवलेत त्यांनी रागावू नये.

प्रश्न : मॅडम, माझं वय २३. २०२३ साली मेकॅनिकल डिप्लोमा झाला, ६८ टक्के. एक वर्ष घरचा ऊस बघितला, बहिणीचं लग्न झालं. आता दहा महिने भोसरीत मावसभावाच्या खोलीवर कॉट बेसिसवर राहतोय. एका खोलीत सहा जण. आतापर्यंत चौदा ठिकाणी नकार आला, यादी सोबत जोडली आहे. रोज रात्री आई फोनवर ‘काय झालं रे?’ विचारते. मित्र ‘न्यू जॉइनिंग’चं स्टेटस टाकतात. आमच्या गावापासून किर्लोस्करवाडी जवळ, त्यामुळे शाळेपासून सर लोक लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण देत आलेत. ते ऐकून पूर्वी अंगात वारं शिरायचं. आता सकाळी उठावंसंच वाटत नाही. स्वतःला परत चार्ज कसं करायचं? – एक वाचक, पलूस तालुका

उत्तर : यादी जोडलीस हे फार बरं केलंस. पत्र मी एकदा वाचलं, यादी तीनदा.

तुझ्या चौदांपैकी पाच ठिकाणी तू मोबाइलवरून बायोडाटा पाठवलास आणि पलीकडून काहीच आलं नाही. तीन ‘कन्सल्टन्सी’ होत्या. त्यातल्या एकीने रजिस्ट्रेशनचे अडीच हजार मागितले, ते तू दिले नाहीस. शाबास. नोकरी देणारा पगार देतो, फी घेत नाही. दोन ठिकाणी वॉक-इनला एवढी झुंबड की वॉचमनने दुपारीच गेट लावलं. राहिली चार. तिथे तू खुर्चीत बसलास आणि समोर माणूस होता. म्हणजे बाबा, तुला पाहून परत पाठवलं ते चौघांनी. उरलेल्या दहांनी तुझं तोंडही पाहिलेलं नाही. तू मात्र चौदाच्या चौदा एकाच खात्यावर लिहून बसलायस.

आता ते चार. एकाने दोन वर्षांचा अनुभव मागितला. तो तुझ्याकडे नव्हताच, तिथे काही करण्यासारखं नव्हतं. दोन ठिकाणी तू ड्रॉइंगवर आणि मायक्रोमीटरवर (बारीक माप घ्यायचं साधन) अडलास, हे तूच प्रामाणिकपणे लिहिलंयस. आणि चौथ्या ठिकाणी सगळं छान झालं, ‘कळवतो’ म्हणाले, मग आठवड्याने ‘जागा होल्डवर आहे’.

या ‘होल्ड’बद्दल मला टेबलाच्या पलीकडचं सांगू दे, कारण मी तिथे ३१ वर्षं बसले. भोसरीतच, तू राहतोस तिथून फार तर दोन किलोमीटरवर. खातेप्रमुख माणूस मागतो, वरून मंजुरी येते, आम्ही मुलाखती घेतो, मुलगा पसंत पडतो आणि तेवढ्यात गिऱ्हाइकाचं शेड्यूल कमी येतं. मंजुरी फाइलमध्येच राहते. ती रद्द झाली असं कुणी लिहून देत नाही, नुसती निजते. मुलाला काय सांगायचं? ‘कळवतो.’

१९९६ च्या सुमाराला बार्शीकडचा एक मुलगा स्टोअर्ससाठी आम्ही असाच निवडला होता. जागा गेली. तो गावातल्या एस.टी.डी. बूथवरून फोन करायचा, तोही भर दिवसा, पूर्ण दराने, कारण ऑफिस दिवसाच उघडं. त्याच्या आवाजामागे बूथवाल्याचं छपाईयंत्र कुरकुरताना ऐकू यायचं. मी तीन आठवडे ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत राहिले. जागा नाही, एवढं म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. चौथ्या आठवड्यात फोन आला नाही आणि मला हायसं वाटलं. त्या मुलाने तेव्हा स्वतःबद्दल काय समजूत करून घेतली असेल, याचा विचार मी निवृत्त झाल्यावर केला. तुझ्या त्या चौथ्या ठिकाणी माझ्यासारखीच कुणीतरी बसलेली असणार.

आणि उलटी बाजूही सांगते. मी १९८३ मध्ये एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झाले. त्यानंतर चौदा महिन्यांत नऊ नकार. एक साहेब म्हणाले, युनियनवाले बाईमाणसाचं ऐकणार नाहीत. दुसऱ्यांनी पहिलाच प्रश्न लग्न ठरलंय का हा विचारला. नोव्हेंबर १९८४ मध्ये एका कारखान्याने घेतलं तेव्हा आईने आळीत पेढे वाटले आणि मीही हवेत होते की अखेर कुणाला तरी माझी किंमत कळली. सहा महिन्यांनी जुन्या फाइली लावताना फॅक्टरी इन्स्पेक्टरचा शेरा हाती लागला. कामगारांची संख्या ५०० वर गेली होती. तेव्हाचा कारखाने कायदा १९४८, कलम ४९ : पाचशे किंवा जास्त कामगार असले की वेल्फेअर ऑफिसर नेमावाच लागायचा. त्यांना त्या महिन्यात कुणीतरी हवंच होतं आणि माझा अर्ज वरती होता. नऊ नकारांना मी जेवढं मनाला लावून घेतलं होतं, तेवढीच त्या एका होकाराने फुगले होते. दोन्ही हिशेब चुकलेले.

म्हणून तुझ्या यादीतल्या दोनच ओळींशी तुझं भांडण आहे : ड्रॉइंग आणि मायक्रोमीटर. मी काही इंजिनिअर नाही, पण मुलाखतीला खातेप्रमुखाच्या शेजारी बसून बसून मलाही पाठ झालंय. आमचे देशमाणूस साहेब (आडनाव नव्हे, अख्खा कारखाना त्यांना तसंच म्हणायचा) मुलासमोर ड्रॉइंग ठेवायचे आणि एका भोकावर बोट ठेवायचे. तिथे लिहिलेलं असायचं २५ एच ७. दहातली सात मुलं म्हणायची, ‘सर, टॉलरन्स आहे.’ टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, आहे ते वॉचमनलाही माहीत. भोक २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत पाहिजे, त्याहून लहान अजिबात चालणार नाही, असं म्हणणारा मुलगा आला की साहेब माझ्याकडे बघून पेन खाली ठेवायचे. मग मायक्रोमीटर हातात द्यायचे. त्याचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं लहानात लहान माप, ०.०१ मिलिमीटर, साध्या व्हर्निअरचा ०.०२, हे सगळ्यांना तोंडपाठ. पण मुलगा मायक्रोमीटर धरतोय कसा, रॅचेट वापरतोय की नुसताच आवळतोय, शून्य तपासलं का, हे साहेब बघायचे. डिप्लोमाच्या प्रयोगशाळेत चाळीस मुलांत चार मायक्रोमीटर. तू ते किती वेळा हातात धरलं असशील, मला अंदाज आहे.

भोसरीत एका-एका रस्त्यावर दोन-तीन मशिनींचे गाळे आहेत. मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क करतात. तिथे कुणी जाहिरात देत नाही, मालक स्वतःच दारात उभा असतो. सकाळी नऊच्या आत जा, दहानंतर तो मटेरियल आणायला गेलेला असतो. ‘इन्स्पेक्शनला हेल्पर म्हणून ठेवा, पगार तुम्ही म्हणाल तो, पण रोज मोजमाप मला करू द्या’ असं सांग. पगार कमीच मिळेल, तुझ्या डिप्लोमाला शोभणार नाही इतका. तो तीन-चार महिने सोस. मात्र एक गोष्ट सोडू नकोस : पगार बँकेत घे आणि कामाचा दाखला लेटरहेडवर माग. वीस माणसांच्या आतल्या गाळ्यात पीएफ बहुधा नसतो. वीस किंवा जास्त असतील तर पीएफ लागतो आणि तुझा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तयार होतो. पुढे अनुभव खरा की खोटा, हे कंपनी त्यावरूनच तपासते. आमच्याकडे घेतलेली निम्मी चांगली मुलं अशाच गाळ्यांतून आली. दुसरा रस्ता अप्रेंटिसशिपचा. डिप्लोमावाल्यांसाठी ती १९६१ च्या कायद्याखाली असते, वर्षभराने प्रमाणपत्र मिळतं. नाव नोंदवलं नसशील तर याच आठवड्यात नोंदव.

सकाळी उठावंसं वाटत नाही म्हणतोस. सहा जणांच्या खोलीत, पंख्याखाली, ज्याला कुठेच जायचं नाही त्याला का उठावंसं वाटेल? माझा नातू मला ते मोटिव्हेशनचे व्हिडिओ दाखवतो. फार जोशात बोलतात लोक. आंघोळ होईपर्यंत उतरतं. तू असं कर, की खोलीतला जो पहिल्या पाळीला जातो त्याच्याबरोबर उठायचं आणि त्याच्याबरोबर खाली उतरायचं, चहापर्यंत तरी. काही काम असो नसो. एकदा खाली उतरलेला माणूस परत जिना चढून कॉटवर जायला जरा लाजतो, एवढाच त्यात हिशेब. स्टेटस बघणं बंद कर, त्यावर जास्त लिहीत नाही.

आईला सांग, ‘रविवारी सगळं सांगेन, बाकी दिवस म्हशीचं, उसाचं, आत्याचं बोल.’ ती रोज विचारते, कारण दुसरं काय विचारावं हे तिला सुचत नाही. विषय तू दे.

आणि किर्लोस्करांचं. तुझे सर गोष्ट खरीच सांगतात. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, बढती त्यांची होती, ती एका अँग्लो-इंडियनला दिली, त्यांनी नोकरी सोडली. पण सर जे पटकन उरकतात ते असं, की बेळगावात थोरले भाऊ रामूअण्णा होते, दोघांचा सायकलींचा धंदा आधीच चालू होता. स्वाभिमानाने राजीनामा दिला तेव्हा जाऊन उभं राहायला एक दुकान होतं. पुढे बेळगावात कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली, १९१० मध्ये, तीच तुमची किर्लोस्करवाडी. ओसाड माळ, नुसतं निवडुंग आणि साप, पण दिली. तुझ्यामागे मावसभाऊ आहे, त्याने कॉट दिलीय. त्याला तू काय सांगतोस, काय लपवतोस, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. सहा जणांतले चार तरी कुठे ना कुठे कामाला असतील. ‘तुमच्या कंपनीत इन्स्पेक्शनला जागा निघाली तर सांगा’ असं त्यांना एकदा तरी म्हणालास का? लाज वाटते, ठाऊक आहे. आमच्याकडे भरती झालेल्या पोरांना मी विचारायचे, जागेचं कळलं कुठून. जाहिरातीचं नाव घेणारा क्वचितच. रूममेट, गाववाला, मेसमधला कुणीतरी.

तीन महिन्यांनी नवी यादी पाठव. या वेळी प्रत्येक नावापुढे ‘खुर्चीत बसलो / बसलो नाही’ असा रकाना कर.

प्रश्न : मी ३९ वर्षांची, बी.कॉम. सातपूरच्या एका कंपनीत आठ वर्षं अकाउंट्स पाहिले. मार्च २०१७ मध्ये सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडली. मुलं आता मोठी झाली. वर्षभरात सात ठिकाणी गेले. ‘गॅप फार आहे’ हे सगळीकडे. दोन ठिकाणी मुलांची वयं विचारली. घरी यजमान म्हणतात, कशाला अपमान करून घेतेस? मलाही आता तसंच वाटायला लागलं आहे. – एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलांची वयं विचारणाऱ्यांवर मला राग येतो. त्याच वेळी कबूल करते की नोकरीच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत मीही ते प्रश्न बायकांना विचारले आहेत. मला विचारले होते म्हणून मी विचारले, दुसरं कारण नव्हतं. पुन्हा कुणी विचारलं तर ‘त्यांची व्यवस्था झालेली आहे, कामाची वेळ काय आहे?’ असा उलट प्रश्न टाका आणि गप्प बसा. गप्प बसणं महत्त्वाचं. आपण बायका तिथे सासूबाईंच्या पथ्यापर्यंत सगळं सांगत बसतो.

पण गॅपचं मात्र तुम्ही नीट ऐका. माझी धाकटी जाऊ कर सल्लागाराकडे काम करते, तिला विचारून लिहिते आहे. तुम्ही नोकरी सोडली मार्चमध्ये आणि जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ ला. म्हणजे तुमच्या हाताखालून गेलेले व्हॅट, एक्साइज, सर्व्हिस टॅक्स तुम्ही बाहेर पडल्यावर चार महिन्यांत गुंडाळले गेले. समोरचा ‘गॅप’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात हेच असतं, की बाईंनी जीएसटीचं एकही रिटर्न भरलेलं नाही. आठ-नऊ वर्षं असं तो म्हणतो, पण त्याची अडचण तेवढी मोठी नाही. ती दोन तारखांएवढी आहे. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न), २० तारखेला ३-बी (कर भरायचं रिटर्न). या दोन तारखांच्या मध्ये २-बीशी (पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) खरेदीचा मेळ घालायचा, पुरवठादाराने बिल चढवलं नसेल तर त्याच्या मागे फोन करायचे. उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल), हे ऑगस्ट २०२३ पासून. टॅलीचा चेहरामोहरा बदललाय. कंपन्यांना एप्रिल २०२३ पासून नोंदींचा मागोवा ठेवणारं सॉफ्टवेअर लागतं, त्यामुळे जुनी एंट्री गुपचूप दुरुस्त करायची सवय असेल तर ती विसरा. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दरांचे टप्पेही बदलले, तेव्हा पाठ केलेलं तिथल्यांनाही नव्यानेच शिकावं लागलंय.

क्लास लावू नका. ओळखीच्या सी.ए. किंवा कर सल्लागाराकडे जा आणि दोन महिने, दर महिन्याच्या ५ ते २० तारखेपर्यंत, बसायला मागा. त्या पंधरा दिवसांत त्यांना स्वतःच्या घरचा फोन घ्यायला वेळ नसतो. टॅली येणारी, बिलं लावू शकणारी बाई कुणी परत पाठवणार नाही. थोडे पैसे द्यायला सांगा, अगदी फुकट नको. मग मुलाखतीत पहिलं वाक्य हे : ‘मागच्या दोन महिन्यांत मी इतक्या फर्म्सची ३-बी रिटर्न्स तयार केली.’ २०१७ ते आतापर्यंतचं त्यानंतर, तेही विचारलं तर.

यजमानांना म्हणावं, अपमान सात झाले तरी मी मोजतेय, तुम्ही नका मोजू.

प्रश्न : मी एस.टी.तून निवृत्त कंडक्टर. मुलगा ३१ वर्षांचा. सहा वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससी केली. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेला. पॅटर्न बदलल्यावर सोडली आणि खासगी नोकरी बघतोय. पाच-सहा कंपन्यांनी ‘वय जास्त, अनुभव शून्य’ म्हणून परत पाठवला. आता माझे फोन उचलत नाही, आईला मेसेज करतो. माझ्याबरोबरच्या कंडक्टरांची मुलं… [पुढच्या आठ ओळी मी गाळल्या आहेत.] त्याला उभारी कशी देऊ? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : दादा, त्या आठ ओळी मी छापल्या नाहीत, कारण हे मासिक तुमचा मुलगा वाचत असेल तर? तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल सहा वाक्यं आहेत आणि इतरांच्या मुलांबद्दल आठ ओळी. फोनवर हे प्रमाण काय असेल, तुम्हीच सांगा.

राज्यसेवा वर्णनात्मक झाली आणि २०२५ पासून लागू झाली. त्याआधी २०२३ च्या फेब्रुवारीत पुण्यात मुलं रस्त्यावर बसली होती, तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. बहुपर्यायी प्रश्नांवर चार-पाच वर्षं घासलेल्याने नवी पाटी घ्यायची की थांबायचं, यात थांबणं भेकडपणाचं नाही. वयोमर्यादा संपायच्या आत स्वतःहून थांबला, हे मला तरी समंजसपणाचं वाटतं. खुल्या वर्गाला ३८ वर्षांपर्यंत बसता येतं, आणि तिथपर्यंत बसलेले मी पाहिलेत.

त्याच्या बायोडाटात त्या सहा वर्षांच्या जागी काय लिहिलंय, हे बघायला पाहिजे. बहुतेक मुलं कोरं सोडतात आणि समोरचा ते कोरं वाचतो. ‘राज्यसेवा मुख्य परीक्षा, दोन वेळा पात्र’ असं सालासकट लिहायचं. कारखान्यात ते चालणार नाही, पण सरकारी योजनांचं काम करणाऱ्या संस्था, जिल्हा पातळीवरचे कंत्राटी प्रकल्प, क्लासेसमधले पेपर तपासणं आणि प्रश्न काढणं, मराठी मजकुराची कामं, इथे त्या दोन ओळींना भाव आहे. सुरुवातीचा पगार ऐकून तुम्ही तोंड वाकडं करू नका, एवढं सांभाळा.

आणि पुण्याला जा. निघायच्या आदल्या दिवशी त्याला मेसेज करा, अचानक दारात उभे राहू नका. चेकिंगला आल्यासारखं वाटतं, आणि अचानक गाडीत चढणाऱ्या चेकरबद्दल तुम्हा लोकांचं काय मत असायचं ते मला ठाऊक आहे. नोकरीचा विषय तो काढेपर्यंत काढायचा नाही. काढलाच नाही तर तसेच परत या. बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, चटणी जरा जास्तच न्या, कारण खोलीत तो एकटा नसणार आणि सदाशिव पेठेतल्या मेसचं जेवण मी खाल्लेलं आहे.